‘कासाब्लांका’तील त्या पोलीस अधिकाऱ्याचे नाव

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत हॉलिवूडच्या सुवर्णकाळावर जी लेखमाला सुरू आहे, ती मी पहिल्या भागापासून नियमाने वाचतो आणि तिची कात्रणे जपून ठेवतो. कोकणातल्या वाचकांसाठी निघणाऱ्या दैनिकाने इतक्या जुन्या परदेशी चित्रपटांना एवढी जागा द्यावी, याचे मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच ‘कासाब्लांका’वरील लेख वाचून जे वाटले ते कळवणे मला आवश्यक वाटते. लेखकाने हम्फ्री बोगार्ट यांच्या थकलेल्या, कडवट चेहऱ्याविषयी, इन्ग्रिड बर्गमन यांच्या डोळ्यांविषयी आणि पियानोवरच्या त्या गाण्याविषयी मन लावून लिहिले आहे. शेवटचा विमानतळावरचा प्रसंगही त्यांनी बारकाईने सांगितला आहे. मात्र त्या प्रसंगात ज्याच्या एका हुकमावर नायकाचा जीव वाचतो, त्या पात्राची बोळवण ‘तिथे हजर असलेला एक फ्रेंच पोलीस अधिकारी’ एवढ्या शब्दांत झाली आहे. पात्राचे नाव नाही आणि नटाचेही नाव नाही. ते पात्र म्हणजे कॅप्टन लुई रेनॉ, आणि ते उभे करणारे नट म्हणजे क्लॉड रेन्स.

हे पत्र केवळ एक नाव राहून गेले म्हणून लिहिलेले नाही. नाव राहिले असते आणि कामाचे वर्णन आले असते, तर मी गप्प बसलो असतो. रेनॉ हा त्या चित्रपटातला निव्वळ साक्षीदार नाही. तो लाच खातो, देश सोडण्याच्या परवान्यांसाठी अडलेल्या स्त्रियांचा फायदा घेतो, जुगार चालतो म्हणून नायकाचा अड्डा बंद करण्याचा हुकूम देतो आणि त्याच क्षणी त्याच अड्ड्यात जिंकलेले पैसे हातात घेऊन आभार मानतो. एवढे सगळे करूनही प्रेक्षकाला त्याचा राग येत नाही, कारण रेन्स यांनी त्याला एक हसरी, सावध बुद्धी दिली आहे आणि आपण काय करत आहोत हे या माणसाला पुरते ठाऊक आहे, ही जाणीव प्रत्येक वाक्यात ठेवली आहे. शेवटी जर्मन मेजर गोळी लागून पडतो, शिपाई धावत येतात, गोळी झाडणारा नायक समोर उभा आहे आणि त्याला पाहणारा एकटा रेनॉ आहे. क्षणभर तो काहीच बोलत नाही. मग नेहमीच्या संशयितांना पकडून आणण्याचा हुकूम तो देतो. पुढे हातातल्या पाण्याच्या बाटलीवरचे ‘विशी’ हे नाव त्याला दिसते, आणि ती बाटली तो टोपलीत टाकून टोपलीला लाथ मारतो. विशी हे जर्मनांपुढे झुकलेल्या फ्रेंच सरकारचे ठाणे होते. चित्रपट न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवला गेला तो २६ नोव्हेंबर १९४२ रोजी, म्हणजे दोस्त राष्ट्रांच्या फौजा उत्तर आफ्रिकेत उतरल्या त्याच महिन्यात. त्या दिवशी चित्रपटगृहात बसलेल्या माणसाला त्या लाथेचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. नायक बदलतो हे आपण चित्रपटभर पाहत असतो. रेनॉचे बदलणे मात्र त्या दोन-चार क्षणांत, आणि तेही जवळजवळ न बोलता दाखवायचे होते. चित्रीकरण सुरू असताना संहिता अजून लिहिली जात होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाची अवघड बाजू अधिक कळते.

मी आमच्या भागातील एका हौशी नाट्यमंडळात बरीच वर्षे प्रॉम्प्टर म्हणून, म्हणजे अडलेल्या नटाला पुढचा शब्द पुरवायला, विंगेत उभा राहिलो आहे. विंगेतून नाटक जसे दिसते तसे प्रेक्षागृहातून दिसत नाही. नायकाचे टाळीचे वाक्य कोणाच्या वेळेवर दिलेल्या प्रश्नामुळे उभे राहिले आणि कोणाच्या योग्य जागी थांबण्यामुळे ते फुकट गेले नाही, हे तिथून स्पष्ट दिसते. रेन्स यांचे चरित्र मला जवळचे वाटते त्याचे एक कारण हेही आहे, की त्यांची सुरुवात विंगेतच झाली.

विल्यम क्लॉड रेन्स यांचा जन्म १० नोव्हेंबर १८८९ रोजी लंडनच्या दक्षिण भागात, अगदी सामान्य परिस्थितीतल्या घरात झाला. वडील फ्रेड रेन्स हेही नट होते. घरात अनेक मुले जन्मली, पण त्यांतली बहुतेक लहानपणीच गेली. क्लॉड यांची बोली होती कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीची. शिवाय ते बोलताना अडखळत आणि त्यांना ‘र’ म्हणता येत नसे, त्यामुळे स्वतःचे आडनावही त्यांना नीट सांगता येत नव्हते. दहा-अकरा वर्षांचे असताना, १९०० साली, एका नाटकात गर्दीतला पोर म्हणून ते प्रथम रंगमंचावर गेले. पुढे सर हर्बर्ट बीअरबोम ट्री यांच्या नाट्यगृहात नटांच्या खोल्यांवर जाऊन प्रवेशाची हाक देणाऱ्या पोऱ्याचे काम त्यांना मिळाले. तिथून ते प्रॉम्प्टर झाले आणि मग रंगमंच व्यवस्थापक. ट्री हे त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवरचे बडे प्रस्थ होते आणि १९०४ साली लंडनमध्ये नाट्यशिक्षणाची जी संस्था निघाली तिचे ते संस्थापक. या मुलाच्या अंगातले गुण त्यांनी ओळखले आणि त्याची वाणी सुधारावी म्हणून शिकवणीचा खर्च स्वतः केला. नटांची वाक्ये रोज ऐकत आणि चुकणाऱ्याला पुढचा शब्द देत घालवलेल्या त्या वर्षांनी रेन्स यांना जे दिले, ते कुठल्याही शाळेत मिळाले नसते असे माझे मत आहे. दुसऱ्याचे वाक्य ऐकणे ही त्यांची पुढे सगळ्यांत मोठी शक्ती ठरली.

पहिल्या महायुद्धात ते लंडन स्कॉटिश या पलटणीत साधे शिपाई म्हणून दाखल झाले. याच पलटणीतून बॅसिल रॅथबोन, रोनाल्ड कोलमन आणि हर्बर्ट मार्शल हे पुढे हॉलिवूडमध्ये नावारूपाला आलेले नटही लढले, हा योगायोग विलक्षण आहे. १९१६ साली फ्रान्समध्ये विमीजवळ झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यात रेन्स यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ कायमची गेली. तरीही ते सैन्यात राहिले आणि युद्ध संपेपर्यंत कॅप्टनच्या हुद्द्यावर पोचले. त्यांचा प्रत्येक चित्रपट पाहताना मला या गोष्टीची आठवण राहते, कारण पडद्यावर त्यांच्या नजरेत काही उणे आहे असे कुठेही जाणवत नाही. समोरच्या पात्राकडे किंचित मान वळवून, भुवई उचलून रोखून पाहण्याची त्यांची जी लकब आहे, ती एका डोळ्यावर काम चालवणाऱ्या माणसाची आहे हे प्रेक्षकाला कधी कळले नाही.

युद्धानंतर ते लंडनच्या रंगभूमीवर परतले आणि ट्री यांनी स्थापन केलेल्या त्याच संस्थेत शिकवू लागले. जॉन गिलगुड आणि चार्ल्स लॉटन हे त्यांचे विद्यार्थी. ज्याला ‘र’ येत नव्हता त्या माणसाने इंग्रजी रंगभूमीवरचा सर्वांत सुरेल मानला गेलेला गिलगुड यांचा आवाज घडवण्यास हातभार लावला, ही गोष्ट आपल्याकडे प्रत्येक वक्तृत्व स्पर्धेत सांगितली जावी अशी माझी फार इच्छा आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या उत्तरार्धात ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर थिएटर गिल्ड या नामांकित संस्थेच्या नाटकांत कामे करू लागले. १९३२ साली ‘द गुड अर्थ’ या नाटकात त्यांनी चिनी शेतकऱ्याची भूमिका केली. चित्रपटांनी मात्र अजून त्यांना विचारले नव्हते. १९२० साली इंग्लंडमध्ये एका मूकपटात केलेले छोटे काम सोडले, तर चाळिशी उलटेपर्यंत त्यांच्या नावावर पडद्यावरचे काही नव्हते.

मग १९३३ साली ‘द इनव्हिजिबल मॅन’ आला, आणि येथे मला थोडे थांबून लिहावेसे वाटते. एच. जी. वेल्स यांच्या १८९७ सालच्या कादंबरीवरचा हा चित्रपट युनिव्हर्सल कंपनीसाठी जेम्स व्हेल दिग्दर्शित करत होते. नायकाची भूमिका प्रथम बोरिस कार्लॉफ यांच्याकडे जाणार होती, पण ते जमले नाही. व्हेल यांनी रेन्स यांची एका वेगळ्या चित्रपटासाठी घेतलेली आणि फसलेली चाचणी ऐकली आणि त्या आवाजासाठी त्यांची निवड केली. भूमिका अशी होती, की शास्त्रज्ञ ग्रिफिन चित्रपटभर एक तर डोक्यापासून गळ्यापर्यंत पट्ट्या गुंडाळून आणि काळा चष्मा लावून वावरतो, नाही तर मुळीच दिसत नाही. अदृश्यपणाचे दृश्य साधण्यासाठी नटाला काळ्या मखमलीने झाकून काळ्याच पार्श्वभूमीपुढे उभे करत आणि त्यावर फक्त कपडे चढवून चित्रीकरण करत, म्हणजे फिल्मवर अंग उमटत नसे आणि कपडे तेवढे चालताना दिसत. मग ते चित्र दुसऱ्या चित्रावर बसवले जाई. हे अवघड काम जॉन फुल्टन यांच्या हाताखाली झाले. रेन्स यांचा चेहरा दिसतो तो अगदी अखेरीस, मृत्यूशय्येवर, काही क्षणांपुरता. म्हणजे चित्रपट प्रदर्शित झाला त्या महिन्यात ४४ वर्षे पूर्ण करणाऱ्या या नटाने हॉलिवूडमध्ये पहिले पाऊल ठेवले तेच चेहऱ्याशिवाय. ग्रिफिनचा अहंकार, त्याचे वेड लागत जाणे, मधूनच प्रेयसीशी बोलताना येणारा हळवेपणा आणि लगेच पुन्हा उसळणारा संताप, हे सारे त्यांनी केवळ आवाजाने आणि हातांच्या हालचालींनी सांगितले.

आमच्या दक्षिण कोकणातल्या वाचकांना ही गोष्ट परकी वाटू नये. दशावतार या आमच्या लोकनाट्यात आडदशावताराच्या वेळी, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, संकासुर हा राक्षस येतो तेव्हा त्याचा वेश काळा असतो, चेहरा झाकलेला असतो, आणि भटजीशी त्याचा जो सवाल-जवाब रंगतो तो केवळ बोलण्याच्या ढंगावर आणि अंगाच्या वळणावर. संकासुराचे सोंग काढणाऱ्या नटाला चेहऱ्याची मदत नाही, लिहिलेल्या संवादांची मदत नाही, आणि पूर्वीच्या काळी जत्रेच्या गलक्यात ध्वनिक्षेपकाचीही मदत नसे. गावातली लहान मुले त्या सोंगाची महिनाभर नक्कल करतात, पण दुसऱ्या दिवशी देवळाच्या पारावर चर्चा होते ती राजपार्टीच्या, म्हणजे राजाचे काम करणाऱ्या नटाच्या, भाषणाची. नाटकाच्या बातम्यांतही तेच होते. संकासुर कोणी केला होता, हे मला आजपर्यंत कुठल्या बातमीत वाचल्याचे आठवत नाही.

बोलीचा विषय निघालाच आहे तर त्याविषयीही लिहितो. रेन्स यांना नट होण्यासाठी आपली कॉकनी जिभेवरून उतरवावी लागली. त्या काळच्या इंग्रजी रंगभूमीवर दुसरा मार्गच नव्हता, आणि त्यांनी ती तडजोड किती कष्टाने केली हे त्यांच्या प्रत्येक स्वच्छ, तोलून टाकलेल्या अक्षरात ऐकू येते. आमच्याकडे शाळांच्या एकांकिका स्पर्धांत मुलांच्या मालवणी हेलाबद्दल परीक्षकांनी नापसंती दाखवलेली मी अनेकदा ऐकली आहे, आणि मुलांचे पडलेले चेहरेही पाहिले आहेत. पुढे मच्छिंद्र कांबळी यांनी गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मधून तीच मालवणी मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर नेली, हजारो प्रयोग केले आणि परीक्षकांचे ते मत खोडून काढले. मला दोन्ही वाटा आदराच्या वाटतात. नटाने प्रमाण भाषा कमवावी, पण घरची भाषा लाजेखातर टाकू नये, हे आमच्या मुलांना सांगताना मी रेन्स आणि कांबळी या दोघांचीही उदाहरणे देतो.

‘द इनव्हिजिबल मॅन’नंतर रेन्स वॉर्नर ब्रदर्स या कंपनीशी करारबद्ध झाले आणि पुढची दहा-बारा वर्षे त्यांनी जे काम केले त्याला तोड नाही. १९३८ सालच्या रंगीत ‘रॉबिन हूड’मध्ये ते प्रिन्स जॉन झाले. दुष्ट खरा, पण छानछोकी, आळसावलेला आणि स्वतःच्या दुष्टपणावर खूश असलेला. त्याच चित्रपटात पलटणीतले त्यांचे सोबती रॅथबोन तलवार घेऊन त्यांच्या बाजूने लढत होते. १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये ते हतबल बाप होते आणि १९४२ च्या ‘नाऊ, व्हॉयेजर’मध्ये बेटी डेव्हिस यांनी केलेल्या नायिकेला आईच्या जाचातून बाहेर काढणारे शांत, विनोदी मनोविकारतज्ज्ञ. डेव्हिस यांना सहकलाकार म्हणून रेन्स अतिशय आवडत, आणि ज्या नटीसमोर भले भले झाकोळून जात तिच्यासमोर आवाज न चढवता उभे राहणारा हा माणूस तिला का आवडावा, हे दोघांचे प्रसंग पाहिले की कळते.

पण एखाद्या संपादकांना पत्र लिहिताना ज्या भूमिकेचा उल्लेख टाळता येणार नाही, ती १९३९ च्या ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’मधील सेनेटर जोसेफ पेनची. फ्रँक काप्रा यांच्या या चित्रपटात जेम्स स्टुअर्ट हे स्मिथ नावाचे भाबडे, तरुण सेनेटर आहेत. त्यांचे दिवंगत वडील एका छोट्या वृत्तपत्राचे संपादक होते, बलाढ्यांशी एकट्याने लढताना ते मारले गेले, आणि पेन त्यांचा त्या वेळचा जिवलग मित्र. आगगाडीतून वॉशिंग्टनला जाताना तरुण स्मिथ वडिलांच्या आठवणी काढतो आणि पेन ऐकत राहतो. एवढाच प्रसंग आहे. पेन आता धनदांडग्यांच्या ताटाखालचे मांजर झाला आहे, हे प्रेक्षकाला माहीत आहे, स्मिथला नाही. रेन्स त्या प्रसंगात फारसे बोलत नाहीत. मित्राच्या मुलाच्या तोंडून आपलेच जुने शब्द ऐकताना त्या चेहऱ्यावर आधी माया येते, मग कसलेसे ओझे आणि मग ते ओझे झाकण्याची सवय. पुढे सभागृहात हाच पेन त्या मुलावर खोटा आरोप करतो, मुलगा तासन्‌तास उभा राहून बोलत राहतो आणि कोसळतो, आणि तेव्हा पेन बाहेर जाऊन स्वतःवर गोळी झाडू पाहतो, धावत परत येतो आणि सगळ्यांसमोर आपला अपराध ओरडून सांगतो. हा शेवट कागदावर वाचला तर कोणालाही अतिरंजित वाटेल. तो खरा वाटतो, कारण आगगाडीतल्या त्या प्रसंगात त्याचे बी आधीच पेरलेले आहे. स्टुअर्ट यांचे नाव या चित्रपटाने घरोघर पोचले आणि ते रास्तच होते, पण समोर पेन नसता तर स्मिथचा भाबडेपणा नुसता बालिश दिसला असता.

या भूमिकेसाठी रेन्स यांना सहायक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन मिळाले. त्यानंतर ‘कासाब्लांका’, १९४४ चा ‘मिस्टर स्केफिंग्टन’ आणि १९४६ चा ‘नोटोरियस’ यांसाठीही मिळाले. चारही वेळा पुरस्कार दुसऱ्याला गेला. ज्यांना तो मिळाला त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. ‘नोटोरियस’च्या वर्षी तो हॅरॉल्ड रसेल यांना मिळाला, जे युद्धकाळात दोन्ही हात गमावलेले सैनिक होते. पण या पुरस्काराच्या इतिहासातील एक बाब वाचकांना सांगण्यासारखी आहे. सहायक अभिनयासाठी वेगळे ऑस्कर सुरू झाले ते १९३६ सालच्या चित्रपटांपासून. नायक-नायिकांना ती प्रसिद्ध सोनेरी मूर्ती पूर्ण आकारात मिळत असे आणि सहायक कलाकारांना मात्र एक पट्टिका. हा भेद संपला आणि सहायकांनाही पूर्ण मूर्ती मिळू लागली ती मार्च १९४४ च्या समारंभापासून, आणि त्याच समारंभात ‘कासाब्लांका’ सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. त्या संध्याकाळी सहायक अभिनेत्याची ती पहिली पूर्ण मूर्ती चार्ल्स कोबर्न यांच्याकडे गेली, रेन्स यांच्याकडे नाही. जगातल्या सर्वांत श्रीमंत चित्रपटसृष्टीलाही दुसऱ्या रांगेतल्या नटाचा मान पहिल्या रांगेइतका धरण्यास काही वर्षे लागली, एवढेच मला यातून दाखवायचे आहे.

‘नोटोरियस’विषयी मात्र मला सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण माझ्या मते रेन्स यांचे ते सर्वोच्च काम होय. आल्फ्रेड हिचकॉक यांनी रिओ द जानेरोमध्ये घडणारी ही कथा रचली तेव्हा नायक म्हणून कॅरी ग्रँट हे उंच, देखणे नट होते, आणि खलनायक सेबॅस्टियन म्हणून रेन्स, जे इन्ग्रिड बर्गमन यांच्याहून उंचीने कमी होते. काही प्रसंगांत त्यांना उंच दाखवण्यासाठी फळ्यांच्या चढावाची मदत घ्यावी लागली, तर काही ठिकाणी हिचकॉक यांनी तो फरक मुद्दाम तसाच राहू दिला. सेबॅस्टियन नाझींचा साथीदार आहे, पण बायकोवर त्याचे खरे प्रेम आहे, आणि ती बायको हेर म्हणून त्याच्या घरात शिरलेली आहे. नायक मात्र तिच्यावर प्रेम करत असूनही तिच्याशी कठोर वागतो. प्रेक्षकाची सहानुभूती कुठे जावी? हिचकॉक यांनी हा पेच घातला आणि तो पेलला रेन्स यांनी. किल्लीच्या जुडग्यातून तळघराची किल्ली गेली आणि पुन्हा आली, हे सेबॅस्टियनच्या लक्षात येते ती रात्र आणि पहाटे आईच्या पलंगाशी बसून आपण एका हेराशी लग्न केले आहे असे तो सांगतो तो क्षण, या दोन्ही ठिकाणी त्यांनी एका चेहऱ्यावर फसवल्या गेलेल्या नवऱ्याची लाज आणि मरणाची भीती एकत्र दाखवली आहे. आईचे काम करणाऱ्या लिओपोल्डिन कॉन्स्टांटिन प्रत्यक्षात रेन्स यांच्याहून केवळ तीन-चार वर्षांनी मोठ्या होत्या, पण त्यांच्यासमोर हा पन्नाशी ओलांडलेला नट आईच्या धाकातल्या मुलासारखा आक्रसून बसतो. शेवटी नायक आजारी नायिकेला जिन्यावरून खाली आणतो, खालून सेबॅस्टियनचे साथीदार पाहत आहेत, आणि गाडीत जागा द्या म्हणून त्याने केलेली विनवणी नायक मान्य करत नाही. सेबॅस्टियन वळतो आणि आपल्याच घराच्या पायऱ्या चढू लागतो. त्याला आत काय वाट पाहत आहे हे आपल्याला ठाऊक आहे. खलनायकाला शिक्षा झाल्याचे समाधान वाटण्याऐवजी त्या पायऱ्यांवर त्याच्यासाठी जीव कळवळतो, आणि मला वाटते याहून मोठे काम नट करू शकत नाही.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगतो. युद्धाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जाऊन त्यांनी व्हिव्हियन ली यांच्यासमोर सीझर रंगवला. १९५१ साली ‘डार्कनेस ॲट नून’ या नाटकातील तुरुंगात पडलेल्या जुन्या क्रांतिकारकाच्या भूमिकेसाठी त्यांना रंगभूमीवरचा टोनी पुरस्कार मिळाला, म्हणजे ज्या घरातून ते निघाले होते त्या घराने त्यांची कदर केली. १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त मुत्सद्दी ड्रायडनच्या छोट्या भूमिकेत त्यांना पाहता येते, आणि १९६५ सालच्या एका भव्य धार्मिक चित्रपटातला राजा हेरोड ही त्यांची पडद्यावरची अखेरची भूमिका. १९३९ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले होते. त्यांचे संसार टिकले नाहीत, सहा लग्ने झाली, मुलगी एकच. हॉलिवूडच्या झगमगाटात त्यांचे मन रमले नाही. पेनसिल्व्हेनियात त्यांनी शेकडो एकरांची शेती घेतली, चित्रीकरण संपले की ते तिकडे जात आणि स्वतः शेतीत लक्ष घालत. ३० मे १९६७ रोजी न्यू हॅम्पशायरमधील लॅकोनिया येथे, वयाच्या ७७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कोकणाने नायक पुष्कळ दिले. चिपळूणचे डॉ. काशिनाथ घाणेकर आणि मुरुडचे नाना पाटेकर यांचा अभिमान आम्हा सर्वांना आहे, आणि आपल्या दैनिकानेही त्यांच्याविषयी वेळोवेळी उत्तम लिहिले आहे. पण येथे गावोगाव जी नाटके होतात त्यांत नायक एक असतो आणि बाकीचे दहा-बारा जण दिवसभराचे काम, दुकान, मासेमारी किंवा बागेची देखभाल आटोपून तालमीला येतात. त्यांतला कोणी नुसता निरोप्या असतो, कोणी म्हातारा नोकर. अशा नटाने एखाद्या रात्री आपले दोन मिनिटांचे काम इतके खरे केलेले असते, की विंगेत माझ्या हातातली संहिता तशीच राहून जाते आणि मी पान उलटायचे विसरतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते त्यात लेखक, दिग्दर्शक, नायक आणि नायिका, आणि त्यापुढे ‘इतर कलाकारांनीही योग्य साथ दिली’. ही ओळ लिहिणाऱ्या वार्ताहराला मी दोष देत नाही, जागा कमी असते आणि रात्र बरीच झालेली असते. पण ज्याला ‘इतर’ म्हटले त्याच्या घरी ते कात्रण कोणी जपून ठेवत नाही, आणि पुढच्या वर्षी तालमीला येताना त्याचा पाय थोडा जड होतो, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे, की या लेखमालेत एक संपूर्ण भाग क्लॉड रेन्स यांच्यावर घ्यावा. जमल्यास त्याच्या पुढचा भाग ‘कासाब्लांका’तल्याच पीटर लोरे आणि सिडनी ग्रीनस्ट्रीट यांच्यावर, आणि कारकिर्दीत तीन वेळा सहायक अभिनयाचे ऑस्कर मिळवणाऱ्या वॉल्टर ब्रेनन यांच्यावर घ्यावा. ‘कासाब्लांका’मधील छोट्या भूमिकांत तर युरोपातून नाझींपासून जीव वाचवून आलेले अनेक खरेखुरे निर्वासित नट होते, त्यांची माहिती आपल्या वाचकांना निश्चितच आवडेल. आणि यंदा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीचे वृत्तांत छापताना, तसेच जत्रांचा हंगाम सुरू झाल्यावर दशावताराच्या बातम्या देताना, पात्रपरिचयाची संपूर्ण यादी मंडळांकडून आधीच मागवून घ्यावी. बहुतेक मंडळे ती आनंदाने देतील. आमचे मंडळ तर प्रयोगाच्या आदल्या दिवशी ती आपल्या कुडाळ कार्यालयात स्वतः आणून देईल.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक,
कुडाळ, जि. सिंधुदुर्ग